अतिस्थौल्य आणि कुटुंबाची जबाबदारी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायाचे नाव ‘अष्टौनिन्दितीय’ असे आहे. शरीराच्या ठेवणीमुळे लोकनिंदेचा विषय होणाऱ्या आठ प्रकारच्या माणसांचा निर्देश त्यात आहे. अतिस्थूल मनुष्य हा त्यांपैकी एक होय. निंदेचा हा उल्लेख आजच्या वाचकाला खटकेल. परंतु ह्या अध्यायातील दोन गोष्टी लक्षपूर्वक पाहण्याजोग्या आहेत. अतिस्थौल्याची कारणे सांगताना संहिताकाराने अतिभोजन, व्यायामाचा अभाव, दिवसा झोपणे ह्यांच्या जोडीला ‘बीजस्वभाव’, म्हणजे जन्मतःच लाभलेली प्रकृती, हेही एक कारण दिले आहे. दुसरी गोष्ट अशी की, अतिस्थूल मनुष्याला जे आठ त्रास जडतात म्हणून सांगितले आहे, त्यांत भूक प्रमाणाबाहेर लागणे ह्याची गणना केली आहे. भूक हे स्थौल्याचे कारण असते, तसेच ते त्या विकाराचे लक्षणही असू शकते, ही जाणीव आपल्याकडे प्राचीन काळापासून होती, असे ह्यावरून दिसते.

लोकव्यवहारात मात्र ही जाणीव फारशी टिकली नाही. मूल अतिशय स्थूल असले की दोष आईच्या माथी येतो. “लाडावून ठेविले आहे”, “मागेल ते हातावर ठेवते”, असे शेजारी म्हणतात. रुग्ण प्रौढ असला तर त्याच्या जिभेला बोल लागतो आणि त्याच्या पानात वाढणाऱ्या हातालाही लागतो. अशा घरातील माणसे दुहेरी ओझे वाहतात. एक ओझे प्रत्यक्ष शुश्रूषेचे आणि दुसरे लोकांनी दिलेल्या दोषाचे. कुटुंबाची जबाबदारी कोठवर आहे, ती कशाची आहे आणि कशाची नाही, हा ह्या लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी भूक म्हणजे काय, हे थोडे समजून घेणे अवश्य आहे.

अतिस्थौल्य कशास म्हणावे?

शरीराचे किलोग्रॅममधील वजन, मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो त्याला शरीरभार-निर्देशांक म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ३० व त्याहून अधिक निर्देशांकाला स्थौल्य आणि ४० व त्याहून अधिक निर्देशांकाला अतितीव्र स्थौल्य असे धरले जाते. १६० सेंटिमीटर उंचीच्या प्रौढ व्यक्तीचे वजन सुमारे १०२ किलोग्रॅम झाले, की तिचा निर्देशांक ४० होतो. भारतीय माणसांना मधुमेहादी विकार त्यामानाने कमी निर्देशांकालाच जडू लागतात. म्हणून आपल्याकडील वैद्यक-तज्ज्ञ ह्या मर्यादा आणखी खाली धरतात.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ ह्या काळात, १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी २४ टक्के स्त्रियांचा निर्देशांक २५ वा त्याहून अधिक आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. त्यापूर्वीच्या, २०१५-१६ मधील पाहणीत हेच आकडे अनुक्रमे सुमारे २१ व १९ टक्के होते. ह्या सर्वांना अतिस्थौल्य असते असे नव्हे. तशा व्यक्ती थोड्याच. परंतु ज्या घरात अशी एक व्यक्ती असते, त्या घराचा सारा दिनक्रम तिच्याभोवती फिरू लागतो. मधुमेह, रक्तदाब, गुडघ्यांची झीज, झोपेत श्वास अडकणे, त्वचेच्या वळ्यांतील जखमा आणि पुढे हिंडण्याफिरण्यावर येणारी मर्यादा, ह्यांपैकी अनेक गोष्टींशी घरच्यांना रोज झगडावे लागते.

भूक कोण ठरवितो?

भुकेवर मनाचा ताबा असावा, असे आपण सहज म्हणतो. काही अंशी तो असतोही. एखादा मनुष्य एकादशीला दिवसभर उपाशी राहू शकतो. परंतु महिनोन्महिने आणि वर्षानुवर्षे किती अन्न पोटात जावे, हे बहुतांशी मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग ठरवितो. ही गोष्ट प्रथम उंदरांवरील अभ्यासातून स्पष्ट झाली.

अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथील उंदरांच्या एका वाणात १९४९ मध्ये काही पिले अतोनात जाड होऊ लागल्याचे आढळले. ती सतत खात आणि त्यांचे वजन इतर उंदरांच्या अनेक पटींनी वाढे. पुढे १९६६ मध्ये त्याच प्रयोगशाळेत असाच जाड, पण मधुमेहही असलेला दुसरा वाण सापडला. डग्लस कोलमन ह्या शास्त्रज्ञाने ह्या उंदरांची शरीरे शस्त्रक्रियेने एकमेकांना अशी जोडली की, एकाचे रक्त दुसऱ्यात खेळावे. निरोगी उंदराशी जोडलेला पहिल्या वाणाचा जाड उंदीर कमी खाऊ लागला. दुसऱ्या वाणाच्या उंदराशी जोडलेल्या निरोगी उंदराने मात्र खाणेच सोडले. ह्यावरून कोलमन ह्यांनी असे अनुमान काढले की, “आता पुरे” असे मेंदूला सांगणारे काही द्रव्य रक्तात असले पाहिजे. पहिल्या वाणात ते द्रव्यच तयार होत नाही. दुसऱ्यात ते विपुल असते, पण मेंदूला त्याचा निरोप पोहोचत नाही.

ते द्रव्य सापडावयास आणखी दोन दशके लागली. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये पहिल्या वाणातील सदोष जनुक शोधून काढले. त्या जनुकापासून बनणारे संप्रेरक मेदपेशींत तयार होते, हे लक्षात आले. ‘कृश’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला लेप्टिन हे नाव मिळाले. साठविलेला मेद किती आहे, ह्याची वर्दी मेदपेशी लेप्टिनच्या द्वारे मेंदूला देतात. वर्दी कमी आली, की मेंदू समजतो की उपासमार चालू आहे आणि त्याप्रमाणे भूक वाढवितो.

उपासमारीने चांगल्या माणसाचीही वृत्ती कशी पालटते, ह्याचा पुरावा त्याआधीच उपलब्ध होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज ह्यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून त्यांचे निरीक्षण केले. युद्धात शस्त्र न धरण्याचे व्रत घेतलेले हे स्वयंसेवक निश्चयी वृत्तीचे होते. त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने उतरले. पण त्याहून लक्षणीय बदल मनात झाला. ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाकक्रियेची पुस्तके जमवू लागले, ताटल्या चाटू लागले. ज्यांनी सरकारच्या आज्ञेपुढे मान तुकविली नाही, त्यांना भुकेपुढे तुकवावी लागली. ज्याचा मेंदू जन्मभर अशीच उपासमार चालू आहे असे समजत असेल, त्याच्याकडून संयमाची अपेक्षा किती करावी?

केंब्रिज येथील दोन मुले

इंग्लंडमधील केंब्रिज येथे १९९७ मध्ये सदफ फारूकी, स्टीफन ओ’राहिली आणि त्यांचे सहकारी ह्यांनी पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातील दोन मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एक मुलगी आठ वर्षांची होती आणि तिचे वजन ८६ किलोग्रॅम होते. तिच्या चुलत-मावस नात्यातील मुलगा दोन वर्षांचा आणि २९ किलोग्रॅमचा होता. जन्माच्या वेळी दोघांचेही वजन सामान्य होते. पुढे मात्र त्यांची भूक कशानेही शमेना. तपासणीत असे आढळले की, दोघांच्याही रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हते; लेप्टिनच्या जनुकातील अक्षरमालेतून एकच अक्षर गळाले होते. बार हार्बरच्या उंदरांत जे घडले होते, तसेच येथे मनुष्यात घडले होते.

त्या मुलीला रोज लेप्टिनचे इंजेक्शन देण्यास सुरुवात झाली आणि १९९९ मध्ये त्याचा परिणाम प्रसिद्ध झाला. एका वर्षात तिचे वजन सुमारे १६ किलोग्रॅमने उतरले. तिला कोणी उपदेश केला नव्हता, की शिक्षा केली नव्हती. मेंदूला जो निरोप मिळत नव्हता तो मिळू लागला, आणि ती इतर मुलांप्रमाणे पोट भरल्यावर थांबू लागली.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. असा जनुकदोष अत्यंत विरळा आहे. बहुतेक स्थूल व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन कमी नसून उलट जास्तच असते. त्यांचा मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. म्हणून लेप्टिन हे स्थौल्यावरील सर्वसाधारण औषध ठरले नाही. परंतु ह्या दोन मुलांनी एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. अतिशय तीव्र स्थौल्य हे केवळ शारीरिक दोषातून उद्भवू शकते आणि तेथे आईबापांच्या संगोपनाचा काहीही अपराध नसतो.

आरोप आणि त्याचे निराकरण

ह्या गोष्टीला केवळ शास्त्रीय महत्त्व आहे असे नाही. फारूकी आणि वेलकम ट्रस्ट सँगर संस्थेतील मॅथ्यू हर्ल्स ह्यांनी अतिस्थौल्य असलेल्या ३०० मुलांच्या जनुकद्रव्याची तपासणी करून २००९ च्या अखेरीस आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही मुलांच्या सोळाव्या गुणसूत्राचा एक लहान तुकडा नाहीसा झालेला त्यांना आढळला. त्या तुकड्यात भुकेच्या व रक्तशर्करेच्या नियमनाशी संबंध असलेले एक जनुक होते. ह्या अभ्यासातील काही मुलांची नावे ब्रिटनमधील समाजकल्याण खात्याने धोक्यात असलेल्या बालकांच्या यादीत घातली होती. आईबाप त्यांना मुद्दाम प्रमाणाबाहेर खाऊ घालतात, असा अधिकाऱ्यांचा समज होता. शास्त्रज्ञांच्या निष्कर्षानंतर ती नावे यादीतून वगळण्यात आली.

सद्‌हेतूने नेमलेल्या यंत्रणेकडूनही केवढा अन्याय होऊ शकतो, हे ह्या उदाहरणावरून दिसते. मुलाची उपेक्षा वा छळ होत असेल तर समाजाने हस्तक्षेप केलाच पाहिजे. परंतु मुलाचे वजन हा उपेक्षेचा पुरावा नव्हे. मूल पाच वर्षांचे होण्यापूर्वीच झपाट्याने स्थूल होऊ लागले, त्याची भूक विलक्षण असली, किंवा वाढीत व बुद्धीत काही वेगळेपण दिसले, तर आरोप करण्याआधी त्याला बालरोगतज्ज्ञाकडे नेले पाहिजे.

झुरिचचे निदान

कुटुंबाचा अपराध नसतो, एवढे म्हटल्याने त्याची जबाबदारी संपते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या एका विकारात स्पष्टपणे मिळते. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे आंद्रेआ प्राडर, अलेक्सिस लाबहार्ट आणि हाइनरिख विली ह्या वैद्यांनी १९५६ मध्ये एका लक्षणसमूहाचे वर्णन केले. पुढे तो प्राडर-विली लक्षणसमूह ह्या नावाने ओळखला जाऊ लागला. साधारणपणे १०,००० ते ३०,००० जन्मांमागे एका बालकात तो आढळतो.

ह्या विकाराचा क्रम मोठा विचित्र आहे. जन्मतः हे मूल लुळे असते. त्याच्या स्नायूंत जोर नसतो, त्याला दूध ओढता येत नाही आणि पुष्कळदा नळीने अन्न द्यावे लागते. आईची पहिली चिंता मूल काही पीत नाही, ही असते. सुमारे दोन वर्षांनंतर आहार न वाढताही वजन वाढू लागते. पुढे भूक वाढते, आणि साधारणपणे आठव्या वर्षाच्या सुमारास ती अनावर होते. जेवण संपताच मूल पुन्हा अन्न शोधू लागते. ते गोठविलेले, कच्चे, टाकून दिलेले अन्नही खाऊ शकते. ह्या मुलांना उलटी सहसा होत नाही आणि वेदनेची जाणीवही मंद असते. त्यामुळे एकाच वेळी फार खाल्ल्याने जठर फुटून मृत्यू ओढविल्याची उदाहरणे आहेत. शिवाय स्नायू कमी व हालचाल मंद असल्यामुळे त्यांच्या शरीराला समवयस्कांपेक्षा पुष्कळ कमी अन्न पुरते. भूक सर्वांहून अधिक आणि गरज सर्वांहून कमी, अशी ही परिस्थिती आहे.

ह्याचे मूळ पंधराव्या गुणसूत्रात आहे, हे १९८१ पासून कळू लागले. ह्या गुणसूत्राच्या एका भागातील काही जनुके केवळ पित्याकडून आलेल्या प्रतीतच कार्य करतात. मातेकडून आलेल्या प्रतीत ती निसर्गतःच निष्क्रिय असतात. पित्याकडील तो भाग गळाला, किंवा दोन्ही प्रती मातेकडूनच आल्या, तर हा विकार होतो. बहुतेक वेळा ही घटना योगायोगाने घडते. आईबापांनी काही केल्यामुळे वा न केल्यामुळे ती घडत नाही. रक्ताच्या जनुकीय चाचणीने निदान होते आणि ती चाचणी भारतातही उपलब्ध आहे. निदान लवकर झाले तर वाढीचे संप्रेरक देऊन स्नायू व उंची ह्यांत सुधारणा करता येते. भुकेवरील पहिले खास औषध अमेरिकेत २०२५ मध्ये मान्य झाले. तरीही ह्या मुलांचे आयुष्य मुख्यत्वे घरातील व्यवस्थेवरच अवलंबून आहे.

कुलूप आणि वेळापत्रक

ही व्यवस्था प्रथम ऐकणाऱ्याला कठोर वाटते. स्वयंपाकघराला, फडताळाला आणि शीतकपाटाला कुलूप घालावे लागते. खाऊचे पैसे मुलाच्या हाती देता येत नाहीत. आल्यागेल्यासमोर फराळाचे ताट मांडून ठेवता येत नाही. “पोटच्या पोराला उपाशी ठेवून अन्नाला कुलूप लाविते”, असे बोल आईला ऐकावे लागतात. प्रत्यक्षात हे कुलूप मुलाच्या प्राणाचे रक्षण करते. इतकेच नव्हे, तर ते मुलाच्या मनालाही स्वस्थता देते.

ह्या मुलांची शुश्रूषा करणाऱ्यांत तीन तत्त्वे रूढ आहेत. पहिले असे की, पुढचे जेवण मिळेल की नाही, अशी शंका मुलाला राहू नये. जेवणाची वेळ आणि पदार्थ आधी ठरलेले असावेत. भिंतीवर वेळापत्रक लिहून ठेवावे आणि ते मोडू नये. दुसरे असे की, ठरलेल्या वेळेबाहेर काही मिळेल, अशी आशा राहू नये. दहा वेळा नाही म्हणून अकराव्या वेळी दिलेला एक लाडू दुसऱ्या दिवशी शंभर वेळा मागण्याचे कारण होतो. तिसरे असे की, निराशा होऊ नये. जे देऊ म्हटले ते दिलेच पाहिजे. अन्न मिळण्याची शक्यता जेथे सर्वकाळ तरंगत असते, तेथे मुलाचे लक्ष अभ्यासात, खेळात, माणसांत लागत नाही. शक्यताच नाहीशी झाली म्हणजे त्याचे मन मोकळे होते. पुष्कळ कुटुंबांचा अनुभव असा की, कुलूप लागल्यावर मूल अधिक शांत झाले.

कुटुंबाची जबाबदारी म्हणजे काय, ह्याचे उत्तर येथे मिळते. भूक उत्पन्न करण्यास कुटुंब जबाबदार नाही. पण भुकेल्या माणसाभोवतीची व्यवस्था मात्र कुटुंबाच्या हातात आहे. जो भार मुलाच्या इच्छाशक्तीला पेलणार नाही, तो घराने उचलावयाचा आहे.

आनुवंशिकता आणि परिस्थिती

वर सांगितलेले विकार विरळा आहेत. बहुसंख्य अतिस्थूल व्यक्तींत असा एकच दोष सापडत नाही. लहान लहान परिणाम करणारी शेकडो जनुके आणि सभोवतालची परिस्थिती ह्यांचा मिळून तो परिपाक असतो. अल्बर्ट स्टंकर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रौढपणी त्यांची शरीरयष्टी जन्मदात्या आईबापांशी जुळणारी होती. ज्यांच्या घरी ती वाढली, त्यांच्याशी तिचा संबंध दिसला नाही.

ह्यावरून परिस्थितीला महत्त्वच नाही, असा अर्थ काढणे चुकीचे होईल. भारतात पाच वर्षांत स्थौल्याचे जे प्रमाण वाढले, ते जनुके पालटल्यामुळे नव्हे. जनुके इतक्या लवकर पालटत नाहीत. तळलेले, गोड आणि कारखान्यात तयार झालेले स्वस्त पदार्थ पावलोपावली मिळू लागले आणि अंगमेहनत कमी झाली. ज्यांची प्रकृती मूळचीच स्थौल्याकडे झुकणारी, त्यांना ह्या परिस्थितीने अधिक ग्रासले. परिस्थितीचा हा भाग काही अंशी घराच्या, पण पुष्कळसा शाळा, बाजार आणि शासन ह्यांच्या हातात आहे. सर्व दोष एका घरावर टाकणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

प्रौढ रुग्णाची शुश्रूषा

प्रौढ रुग्णाच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. प्राडर-विली विकार झालेल्या मुलाच्या वतीने आईबाप निर्णय घेऊ शकतात. परंतु स्वतःचा निर्णय घेण्यास समर्थ असलेल्या प्रौढ माणसाला कुलपात ठेवण्याचा अधिकार पत्नीला नाही, मुलालाही नाही. ती कैद होईल. उलटपक्षी, ज्याला अंथरुणावरून उठवत नाही त्याचे अन्न दुसऱ्याच्याच हातून येते, हेही तितकेच खरे आहे. मागेल ते आणून देणे हे प्रेम वाटते, आणि न देणे हे क्रौर्य. रोजच्या ह्या ओढाताणीत पुष्कळ घरे मोडकळीस येतात.

ह्यातून निघण्याचा मार्ग असा की, निर्णय त्या त्या घटकेच्या मागणीवर ठेवू नये. रुग्ण, घरची माणसे आणि वैद्य ह्यांनी एकत्र बसून आठवड्याचा आहार आधी ठरवावा आणि रुग्णाची संमती घ्यावी. मग मागणी आली असता “मी देत नाही” असे म्हणण्याऐवजी “आपण ठरविले ते हे” असे म्हणता येते. घरात येणारे अन्न सर्वांसाठी सारखे असावे. एकाच्या पानात उकडलेली भाजी आणि बाकीच्यांच्या पानांत भजी, असा प्रकार रुग्णाला शिक्षेसारखा वाटतो. सणावारी आग्रह करकरून वाढण्याची आपली रीत प्रेमळ आहे. परंतु अशा घरी आग्रह न करणे हेच आतिथ्य समजावे.

आहार एकाएकी तोडू नये. मधुमेहाची इंजेक्शने वा गोळ्या चालू असताना अन्न कमी केले आणि औषधाची मात्रा तीच ठेविली, तर रक्तातील साखर धोकादायक इतकी उतरू शकते. म्हणून वैद्याच्या सल्ल्यावाचून हा प्रयोग करू नये. वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया आणि अलीकडील वर्षांत आलेली भूक मंदावणारी इंजेक्शने हे आज उपलब्ध असलेले खरे उपाय आहेत. मात्र ती इंजेक्शने थांबविली असता वजन बहुधा पुन्हा वाढते, हे आधी जाणून असावे.

शरीराच्या शुश्रूषेतही काही गोष्टींची माहिती हवी. त्वचेच्या वळ्या रोज धुऊन पूर्णपणे कोरड्या कराव्यात. ओल राहिली की बुरशी धरते. रुग्ण अंथरुणास खिळलेला असेल तर सुमारे दर दोन तासांनी त्याची कूस पालटावी आणि टाचा, कंबर, माकडहाड ह्या जागा रोज पाहाव्यात. उचलण्याचे काम एकट्याने कधीही करू नये. मजबूत चादर अंगाखाली घालून दोघातिघांनी सरकवावे, नाहीतर शुश्रूषा करणाऱ्याचीच पाठ कायमची दुखावते. झोपेत मोठ्याने घोरताना श्वास मध्येच थांबत असेल आणि दिवसा पेंग येत असेल, तर वैद्याला अवश्य सांगावे. एकाच पायावर अकस्मात सूज येणे किंवा एकाएकी धाप लागणे ही तातडीने रुग्णालयात नेण्याची लक्षणे होत.

हिणविण्याने मात्र वजन उतरत नाही. लाजेने माणूस चोरून खातो, वैद्याकडे जाण्याचे टाळतो आणि घराबाहेर पडेनासा होतो. तिन्ही गोष्टी विकार वाढविणाऱ्याच आहेत.

शुश्रूषा करणाऱ्याची काळजी

अशा घरात शुश्रूषेचे काम बहुधा एकाच व्यक्तीवर पडते, आणि ती व्यक्ती बहुतेक वेळा स्त्री असते. तिची झोप, तिचे जेवण, तिची प्रकृती ह्यांची विचारपूस क्वचितच होते. एकटी व्यक्ती रोज दहा वेळा नकार देऊ शकत नाही. थकल्यावर ती होकार देते, आणि मग तिलाच दोष लागतो. म्हणून काम वाटून घेणे ही सर्व कुटुंबाची जबाबदारी आहे. आठवड्यातून काही तास दुसऱ्या कोणी रुग्णापाशी बसले आणि तिला बाहेर पडता आले, तर नुसत्या सहानुभूतीपेक्षा तिला त्याचा अधिक उपयोग होईल.

शाळेनेही येथे हात दिला पाहिजे. वर्गात असे मूल असेल, तर त्याच्या आईवडिलांना बोलावून उपदेश करण्यापूर्वी शिक्षकांनी त्यांना निदानाविषयी विचारावे. घरचे वेळापत्रक काय आहे ते समजून घ्यावे. वाढदिवसाचा पेढा त्या मुलाला द्यावयाचा असेल तर तो घरी आधी कळवून, ठरलेल्या वेळी द्यावा. वर्गातील डबे त्याच्या हाताशी येणार नाहीत, अशा जागी ठेवावे. त्याला डब्याची चोरी करणारा म्हणून शिक्षा करू नये. तो चोर नव्हे, तो भुकेला आहे. एवढे केले तरी त्या घरातील कुलपाचा भार थोडा हलका होईल, आणि त्या मुलाला अभ्यासाकडे पाहावयास फुरसत मिळेल.